शिक्षकाची आचारसंहिता, हजेरीपटापासून स्टाफरूमपर्यंत

शिक्षकी पेशाच्या पावित्र्यावर बोलायला सांगितलं की आपल्यापैकी कुणीही पंधरा मिनिटं सहज बोलतो. पाच सप्टेंबरला बोलतोच. खरी अडचण दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर सुरू होते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाची हजेरी लावायची की नाही? दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनात सगळ्या वर्गाला विसापैकी वीस द्यायचे का? मधल्या सुट्टीत एखादी मुलगी जवळ येऊन काहीतरी अर्धवट बोलून गेली, ते कुणाला सांगायचं आणि कसं? हा लेख अशा प्रश्नांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

माझं एक मत आधीच सांगतो. शाळातपासणीला अधिकारी येतात ते कागद पाहायला. तुम्ही मुलाला काय बोललात हे कुठल्याच शेरेबुकात येत नाही. म्हणजे मूल जिथे सगळ्यात दुबळं असतं, तिथेच आपल्यावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं. म्हणून आचरणाचा विचार करताना क्रम असा लावावा : आधी मुलाचं अंग आणि मन, मग त्याचे गुण, मग पैसा, मग बाकीचं सगळं. आपल्याकडे चर्चा बरोबर उलट्या क्रमाने होते. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयीचा शासन निर्णय आला तेव्हा जीन्स आणि टी-शर्टवर जेवढं बोललं गेलं, तेवढं शिक्षेच्या प्रश्नावर बोललं गेलेलं मी ऐकलेलं नाही.

आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते आधी पाहा

हे काम एका रविवारचं आहे. खाजगी शाळेत असाल तर १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली तुम्हाला लागू आहे. जिल्हा परिषदेत असाल तर जिल्हा सेवेचे १९६७ चे वर्तणूक नियम, शासकीय शाळेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. आपापल्या नियमांतली कर्तव्यं आणि गैरवर्तणुकीची यादी एकदा तरी स्वतः वाचा. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलेला गोषवारा म्हणजे नियम नव्हे.

या सगळ्यांच्या जोडीला दोन कायदे आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम २४ शिक्षकाची कामं सांगतं : नियमित आणि वेळेवर येणं, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाचा अंदाज घेऊन लागेल तिथे जादा शिकवणं, पालकांना नियमित भेटून हजेरी आणि प्रगती सांगणं. यात कसूर झाली तर सेवानियमांनुसार कारवाई होते, हेही त्याच कलमात आहे. दुसरा कायदा २०१२ चा, बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात. तो अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, म्हणजे ज्युनियर कॉलेजच्या बहुतेक मुलामुलींनाही.

हात आणि जीभ

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई केली आहे. पहिलं आता बहुतेकांना माहीत आहे, छडी कपाटात गेली आहे. दुसरं मात्र बिनदिक्कत चालतं. उठाबशा, अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं हे तर आहेच. पण सगळ्यांसमोर वहीचं पान फाडणं, ‘ढ’ मुलांची वेगळी रांग करणं, मोठ्या बहिणीशी तुलना करणं, घरच्या धंद्यावरून टोमणा मारणं हेही छळातच मोडतं. अंगावरचे वळ चार दिवसांत जातात. सातवीत ऐकलेलं एखादं वाक्य पोरं चाळिशीतही जसंच्या तसं म्हणून दाखवतात. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेलेल्या कुणालाही विचारा.

पालक सांगतात, ‘गुरुजी, द्या ना दोन ठेवून, आमचं काही म्हणणं नाही.’ त्यांचं म्हणणं नसलं तरी कायद्याचं आहे. पालकाची परवानगी ही पळवाट होत नाही. अशा वेळी हसून सांगावं, ‘दोन ठेवून द्यायच्याऐवजी रोज वीस मिनिटं त्याच्याजवळ बसा, मी काय करायचं ते लिहून देतो.’

राग आवरावा हे सांगायला सोपं आहे. पंचेचाळीस मुलांचा वर्ग, शेवटचा तास, वर गळणारा पत्रा, अशा वेळी काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. मी सुचवतो ते असं. बोलणं मधेच थांबवा, खडू टेबलावर ठेवा. त्या मुलाच्या बाकापर्यंत चालत जा आणि त्याला एकट्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात त्याचं नाव घ्या. ‘तास संपल्यावर मला भेट’ एवढं पुरतं. तास संपेपर्यंत तुमचा राग निम्मा झालेला असतो आणि मुलाला प्रेक्षक उरलेले नसतात. गृहपाठ न करणाऱ्याला कारण विचारलं तर ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. तीनचार नोंदी झाल्या की घरी जाण्याइतका मुद्दा हाती येतो आणि बहुतेक वेळा कारण आळसाचं नसतं. घरी दिवा नसतो, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, कधी वहीच संपलेली असते.

स्पर्शाबद्दल साधे नियम ठेवा. मुलाशी एकट्याने बोलायचं तर दार उघडं असावं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी जागा असावी. गणवेशाची मापं, खेळातली इजा, कवायतीतली उभं राहण्याची पद्धत सुधारणं अशा वेळी मुलींसाठी शिक्षिका किंवा दुसरी मोठी मुलगी सोबत हवी. पहिलीतलं पोर रडत येऊन बिलगलं तर त्याला दूर लोटायचं असा मात्र याचा अर्थ नाही.

मूल काही सांगायला आलं तर

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येते आणि म्हणते, ‘बाई, मला त्या काकांच्या रिक्षात बसायचं नाही.’ यामागे कदाचित काहीच नसेल, कदाचित बरंच काही असेल. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही कसं वागता यावर ते मूल पुन्हा कधी तोंड उघडेल की नाही हे ठरतं.

हातातलं काम बाजूला ठेवा आणि तिच्या उंचीला येऊन बसा. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. ती ‘कुणाला सांगू नका हं’ म्हणाली तर तसं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा, ‘तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझं काही चुकलेलं नाही. तुला मदत करायची तर मला आणखी एकदोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल.’

प्रश्न कमीत कमी. ‘मग?’ आणि ‘अजून काही सांगायचंय?’ यापलीकडे जायची गरज नाही. ‘काकांनी इथे हात लावला का?’ असं विचारून तिच्या तोंडात शब्द घालू नका. पुढे न्यायालयात हाच प्रश्न उलटतो. चौकशी हे पोलिसांचं काम आहे. आपल्याकडे नेमकं काय होतं? मूल वर्गशिक्षिकेला सांगतं, वर्गशिक्षिका त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेते, तिथे ते पुन्हा सांगतं, मग पर्यवेक्षक येतात, संस्थेचे सचिव येतात, प्रत्येकाला ‘नीट सांग बाळ’. पाचव्या वेळी मूल म्हणतं, ‘काही नाही झालं.’ आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

त्याच दिवशी, घरी जाण्याआधी लिहून काढा. नोंद अशी असावी :

‘दिनांक अमुक, दुपारी १.४०, मधली सुट्टी, इयत्ता चौथीच्या वर्गाबाहेरचा व्हरांडा. विद्यार्थिनी स्वतःहून जवळ आली व म्हणाली, “…” मी विचारले, “मग?” ती म्हणाली, “…” त्यानंतर ती रडू लागली. पाणी दिले. जवळ अन्य कुणी नव्हते.’

तिचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरणात. तिने बोलीतला किंवा ‘घाण’ वाटणारा शब्द वापरला असेल तर तोच लिहा, सभ्य करू नका. आपले तर्क लिहू नका. खाली सही आणि वेळ. कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवा. हजेरीपटात किंवा लॉगबुकात ही नोंद जाऊ देऊ नका.

मग कळवणं. पोक्सोचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शंका असलेल्या कुणीही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. ‘कुणीही’ म्हणजे तुम्ही. मुख्याध्यापकांना सांगितलं की आपली जबाबदारी संपली, हा स्टाफरूममधला सर्वांत धोकादायक समज आहे. मुख्याध्यापकांना सांगा, त्यांनी त्याच दिवशी पोलिसांना कळवलं का ते पाहा, आणि ते टाळाटाळ करत असतील तर स्वतः कळवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात वेळेत न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, तो याच तरतुदीमुळे.

‘आधी आपण आपली समिती नेमू’, ‘संस्थेची बदनामी होईल’, ‘घरचं प्रकरण दिसतंय, आपण कशाला पडा’. ही तीन वाक्यं ऐकू आली की समजा, उशीर व्हायला लागला आहे. आणि तक्रार खोटी निघाली तर? प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

पालकांना कळवायचं असतंच. संशय घरातल्या माणसावर असेल तर मात्र आधी पोलिसांशी किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीशी बोला, नाहीतर त्याच घरी मूल संध्याकाळी परत जाणार आहे. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. ‘आपल्या शाळेतल्या चौथी ब मधल्या एका मुलीबाबत’ एवढं वाक्यही गावात ओळख पटवायला पुरतं. दुसऱ्या दिवशी मूल वर्गात आलं तर त्याच्याशी नेहमीसारखं वागा. उगाच दया दाखवणारा चेहरा त्याला लगेच कळतो.

२०२२ पासून शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे आणि तक्रारपेटीही. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी लावलेली असेल तर तिच्यात कुणी काही टाकणार नाही. ती पाण्याच्या टाकीकडे किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा आणि किल्ली समितीतल्या शिक्षिकेकडे ठेवा.

गुण आणि वर्णनात्मक नोंदी

शाळेतला सर्वांत मोठा खोटेपणा मुलांच्या कॉपीत नाही. तो आपण भरलेल्या नोंदींत आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाच्या प्रगतीच्या वर्षभर शब्दांत नोंदी ठेवणं, आलं आणि त्यामागोमाग बाजारात आणि मोबाईलवर तयार नोंदींचे संच आले. ‘परिसराविषयी आवड दाखवतो’, ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘गटात सहकार्याने काम करतो’. चाळीस मुलांच्या पुढे आलटूनपालटून ही वाक्यं उतरवली की सत्राचं काम संपलं. अशी नोंद खोटी आहे, कारण लिहिणाऱ्याने त्या मुलाकडे पाहिलेलंच नाही.

खरी नोंद कशी असते? ‘तीन अंकी वजाबाकीत मध्ये शून्य आलं की दशक सुटं करताना अडतो. ४०३ मधून १२७ वजा करताना थांबला. गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या दिल्यावर स्वतः केलं.’ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला यावरून काम सुरू करता येतं. एवढं लिहायला वेळ कुठून आणायचा? रोज पाचच मुलं निवडा, सकाळीच ठरवा, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्या. पाच ओळी डायरीत. आठ शाळेच्या दिवसांत चाळीस मुलं होतात, सत्रात अशा बऱ्याच फेऱ्या होतात. एखाद्या विषयाची नोंद राहिली तर कोरी सोडा. तपासणीत शेरा येईल, येऊ दे.

दहावीच्या अंतर्गत गुणांचा मोह मोठा आहे. शेजारची शाळा सगळ्यांना वीस देते, मग आपल्याच मुलांचं नुकसान का करायचं, हा युक्तिवाद मला समजतो, आणि तो पटत नाही असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका शाळेने कडक राहून मुलांचे गुण कापले तर भोगतात मुलंच. पण ज्याने प्रयोगवही स्वतः लिहिली आणि ज्याने छापील प्रयोगवही उतरवली त्या दोघांना सारखेच वीस दिले तर पहिल्याला आपण काय शिकवलं? वाट एकच दिसते : जून-जुलैमध्ये निकष लिहून वर्गात लावायचे, मुलांना वर्षभर सुधारण्याची संधी द्यायची, म्हणजे शेवटी दिलेले जास्तीचे गुण तरी कमावलेले असतील. स्वतःचं मूल किंवा पुतण्या-भाचा आपल्याच वर्गात असेल तर त्याची उत्तरपत्रिका सहकाऱ्याकडून तपासून घ्या आणि हे मुख्याध्यापकांना आधीच लेखी कळवा.

परीक्षा केंद्रावर फारसं सांगण्यासारखं नाही. १९८२ चा परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा राज्याचा कायदा आहे, आणि खिडकीतून चिठ्ठी आत येताना पाठ फिरवणारा पर्यवेक्षक त्या चिठ्ठीइतकाच दोषी आहे.

पट, हजेरी आणि भाताचं पातेलं

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणजे एकसष्टावं मूल ही कुणाची तरी नोकरी आहे. त्यामुळे गाव सोडून गेलेल्या मुलाचं नाव पटावर राहतं, शेजारच्या इंग्रजी शाळेत बसणाऱ्याची हजेरी इथे लागते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुलं खरोखर आहेत का याची तपासणी, झाली तेव्हा हे प्रकरण किती खोल गेलं आहे ते सगळ्यांनी पाहिलं. पट घटल्यामुळे अतिरिक्त ठरलेल्या सहकाऱ्याबद्दल वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण खोटी हजेरी लावणाऱ्या वर्गशिक्षकाचीच सही त्या पानावर असते, संस्थाचालकाची नसते.

काय करायचं : हजेरी पहिल्या तासालाच घ्या, शाईने, नाव पुकारून. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करा, पांढरा रंग लावू नका. मूल सलग आठवडाभर दिसलं नाही तर घरी जा. स्थलांतर झालं असेल तर गावातल्या कुणाकडून तरी ते कुठे गेलं ते विचारा आणि तिकडच्या शाळेला फोन करा. असं केल्याने तुमचा पट कमी होईल. ते मूल मात्र कुठल्यातरी वर्गात बसलेलं असेल.

हाच खोटा आकडा स्वयंपाकघरात जातो. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. पटावर खोटी वीस मुलं असली की रोज दोन-तीन किलो तांदूळ कागदावर शिजतो आणि खोलीत उरतो. मग तो उरलेला तांदूळ कुठे जातो, हा प्रश्न विचारायची कुणाला हिंमत होत नाही.

जेवण चाखून सही करायच्या चव नोंदवहीची मात्र थट्टा करू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. अन्नात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. मुलांच्या ताटात पडण्याआधी एका मोठ्या माणसाने खरोखर घास खायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि मगच सही करायची. आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम करणारी शाळा तुम्हालाही माहीत असेल.

स्वतःच्या हजेरीलाही हेच लागू. बाहेर जाताना हालचाल नोंदवहीत वेळ लिहा. न टाकलेला रजेचा अर्ज खिशात ठेवून ‘कुणी आलं तर द्या’ म्हणणं ही चोरीच आहे. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याच्या ग्रामसभेच्या ठरावाचा कागद मिळवून घरभाडं घ्यायचं आणि रोज शहरातून साठ किलोमीटर ये-जा करायची, याला सगळ्यांनीच डोळे मिटले आहेत. दुर्गम गावात राहायला खोली नाही, मुलांची शिक्षणं शहरात, ही अडचण खरी आहे. ती सोडवून घ्यायची तर संघटनेने नियम बदलून मागावा. खोट्या कागदावर दरमहा पैसे घेत राहणं हे उत्तर नाही.

जात, शिष्यवृत्ती आणि दाखला

जनरल रजिस्टरात जात लिहिलेली असते, ती तिथेच राहावी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ आली की वर्गात आरोळी येते, ‘एससी, एसटीवाले उभे राहा, उद्या कागद आणा.’ सातआठ मुलं खाली मान घालून उभी राहतात, बाकीचा वर्ग मोजतो. त्याऐवजी शिष्यवृत्तीची यादी कार्यालयात करा, चिठ्ठी वहीत घालून घरी पाठवा, किंवा पालकसभेत सर्वच योजनांची माहिती सगळ्यांना द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव पंचवीस टक्क्यांत प्रवेश मिळालेल्या मुलांचंही असंच. ती मुलं कोणती हे त्यांच्या वर्गशिक्षकाशिवाय कुणाला कळायचं कारण नाही. वर्ग झाडायला, पाणी भरायला, स्वच्छतागृह धुवायला ठराविक मुलांनाच पाठवलं जातं का, हे स्वतःच्या वर्गात एकदा तपासून पाहा. यादी पाहून काही शिक्षकांना घाम फुटेल.

शाळा सोडल्याचा दाखला फी थकली म्हणून अडवून ठेवणं हा दबावाचा जुना मार्ग आहे. प्राथमिक टप्प्यावर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. थकबाकी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत, त्यात मुलाला ओलीस धरू नये.

शिकवणी आणि भेटवस्तू

खाजगी शिकवणी घेऊ नये, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८. संपलं. ‘बायकोच्या नावावर आहे’, ‘घरी चार मुलं बसतात फक्त’ याने कायदा बदलत नाही. मुळात त्रास असा की शिकवणीला येणाऱ्या मुलाला वर्गात एक नजर आणि न येणाऱ्याला दुसरी, हे टाळणं माणसाला जमतच नाही. मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेआधी फुकट शिकवायला कुणीही आडकाठी केलेली नाही. कलम २४ ला तेच अपेक्षित आहे.

भेटवस्तूंबद्दल वर्षाच्या पहिल्याच पालकसभेत सांगून टाका : गुरुपौर्णिमेला फूल किंवा मुलाने स्वतः बनवलेलं कार्ड चालेल, दुकानातलं काही नको. नंतर एकेकाला नकार देत बसलं की कुणाचा तरी अपमान होतो. वर्गणी काढून साडी-ड्रेस देण्याची पद्धत तुमच्या शाळेत असेल तर ती बंद पाडा. वर्गणी न देऊ शकणाऱ्या मुलाचं त्या दिवशी काय होतं हे आपल्याला दिसत नाही. गणवेश, वह्या, सहलीची बस यात दुकानदार काही ‘समजून घ्यायला’ येतो. दोन दरपत्रकं मागवा, निर्णय शाळा व्यवस्थापन समितीत करा, जिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.

मोबाईल

विद्यार्थ्यांशी बोलायचं ते वर्गाच्या ग्रुपवर, आणि ग्रुपवर पालकांचे नंबर हवेत. मुलांना वैयक्तिक संदेश रात्री-अपरात्री पाठवू नका, आलेल्याला उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात द्या. वर्गातली गंमत म्हणून एखाद्या मुलाचा चुकीचं वाचतानाचा व्हिडिओ टाकायचा, त्याला हजारो लोक हसतात, आणि ते मूल मात्र गावातून चालताना त्याच नावाने ओळखलं जातं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, म्हणून प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या आणि संमती असली तरी चेहऱ्याशेजारी नाव, इयत्ता, गाव एकत्र देऊ नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी निवडणुकीच्या दिवसांत स्वतःच्या स्टेटसकडेही पाहावं. उमेदवाराच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हाही प्रचारच धरला जाऊ शकतो.

सहकारी चुकत असेल, वरून दबाव येत असेल

सहकाऱ्याची चूक दोन प्रकारची असते. उशिरा येणं, वह्या न तपासणं, वर्गात फोन पाहणं, याबद्दल आधी त्याच्याशीच बोला, एकट्याने, चहाच्या वेळी. मुलाला इजा होत असेल तर चहाची वाट पाहू नका. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी द्या. ‘आपल्याच माणसाविरुद्ध कसं लिहायचं’ असं वाटलं तर त्या मुलाचे पालक तुमच्या जागी असते तर काय लिहितील ते लिहा.

दबाव बहुतेक वेळा तोंडी येतो, कारण तोंडी आदेशाला सही नसते. ‘ती नावं राहू द्या पटावर’, ‘त्या अध्यक्षांच्या नातवाचे गुण बघा जरा’. वाद घालू नका. खोलीबाहेर या आणि साधं पत्र लिहा : ‘आज सकाळी अकरा वाजता आपण इयत्ता सहावीच्या पटावर अमुक तीन विद्यार्थ्यांची नावे कायम ठेवण्याविषयी तोंडी सूचना दिली. सदर विद्यार्थी १२ जूनपासून अनुपस्थित आहेत. याबाबत लेखी आदेश मिळावा, ही विनंती.’ भाषेत राग नको, आरोप नको, फक्त तारखा आणि नावं. बहुतेक वेळा लेखी आदेश येत नाही आणि सूचनाही विरून जाते.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि लिपिकाची सही घ्या. आवक क्रमांक द्यायला नकार मिळाला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने मुख्याध्यापकांच्या नावे पाठवा, पावती त्या प्रतीला टाचून ठेवा, आणि ती प्रत शाळेच्या कपाटात न ठेवता घरी ठेवा.